कोतवाल बुकातून दिसणारे जग

१९७९ सालच्या डिसेंबरात दहा दिवसांत तीन कागद झाले. ९ तारखेला जिनिव्हात तज्ज्ञांच्या आयोगाने सह्या करून जगातून देवीचा रोग गेल्याचे प्रमाणित केले. १२ तारखेला नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम आदेश दिल्लीच्या राजपत्रात छापून आला. १८ तारखेला न्यू यॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नाहीसे करण्याचा करार मंजूर केला.

तिन्ही कागदांचा तेव्हाच्या धुळे जिल्ह्याशी संबंध होता. (नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तोवर अक्कलकुवा, अक्राणी, शहादा हे सगळे धुळ्यातच.) लवादाच्या आदेशाने सरदार सरोवराचा मार्ग मोकळा झाला आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताच्या यादीत गेली. पुनर्वसनासाठी कुटुंब कोणाला म्हणायचे, हेही त्याच आदेशात ठरले: घरातला प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलीचे नाव त्या कलमात नाही. सहाच दिवसांनी मंजूर झालेल्या करारापुढे हे कलम कितपत टिकले असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही. तो पडायला दोन्ही कागद एकाच टेबलावर यावे लागतात.

ते टेबल मांडण्याचा प्रयत्न म्हणजे हे पुस्तक. निर्वासित, साथीचे रोग आणि स्त्रियांचे हक्क या तीन प्रश्नांवर गेल्या पावणेदोनशे वर्षांत देशादेशांनी मिळून जे काही केले, त्याचा हा परिचय आहे आणि तो जळगाव-धुळ्याच्या बाजूने करून दिलेला आहे. आपल्याकडे हे तीन विषय तीन वेगळ्या पेपरांत शिकवले जातात. एक राज्यशास्त्रात, एक आरोग्यशास्त्रात, तिसरा समाजशास्त्राच्या कोपऱ्यात. विद्यार्थी संस्थांची लघुनावे आणि स्थापनेची साले पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. यात त्याचा दोष नाही. अभ्यास जिनिव्हापासून सुरू करून वर्षअखेरीला तालुक्यापर्यंत यायचे, असा आपला रिवाज आहे आणि वर्ष नेहमी आधी संपते. या पुस्तकाने उलटी वाट धरली आहे. कोणताही जागतिक ठराव शेवटी कुठल्या तरी वहीत, कोणाच्या तरी नावापुढे उतरतो, किंवा उतरत नाही. ती वही तालुक्याच्या कचेरीत असते. तिथून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

वही म्हणजे उदाहरणार्थ कोतवाल बुक. गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधत लोक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ज्या मोडीतल्या, कडा झिजलेल्या वह्यांवर वाकलेले दिसतात, त्याच त्या. जन्माच्या पानावर बहुतेक वेळा बाळाचे नाव नसते. अमक्या पाटलास मुलगा, तमक्या भिलास मुलगी, एवढेच. बाळंतिणीचे नाव सापडले तर नशीब. मृत्यूच्या पानावर वय अंदाजाने आणि रोगाच्या रकान्यात मोजके शब्द: पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि सगळ्यांत जास्त वेळा नुसताच ‘ताप’. डॉक्टरने तपासून लिहिलेले ते निदान नव्हे. कोतवालाने किंवा पाटलाने जे पाहिले, जे ऐकले, ते तिथे आले. गावाची बेरीज तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला, मग मुंबई इलाख्याच्या आरोग्य अहवालात आणि तिथून समुद्रापलीकडे. युरोपातल्या परिषदांमध्ये हिंदुस्थानातल्या रोगराईचे जे आकडे मांडले जात, त्यांचा उगम अशा वह्यांमध्ये होता.

त्या परिषदांची सुरुवात १८५१ मध्ये पॅरिसला झाली. १८६६ ची कॉन्स्टॅन्टिनोपलची परिषद पटकीसाठीच भरली होती आणि तिथे बोट हिंदुस्थानाकडे दाखवले गेले. त्यामागची कळकळ माणसांची होती तितकीच, किंबहुना जास्त, व्यापाराची होती. रोग आपल्या बंदरात येऊ नये आणि त्यापायी जहाजेही अडू नयेत, या दोन टोकांमध्ये चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली. एका गावाने मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडावा आणि पुढच्या गावाचे पुढचे गाव पाहून घेईल म्हणावे, तसाच तो कारभार होता. फक्त शिवेच्या जागी सुएझचा कालवा होता.

१८९७ साल या अभ्यासात वारंवार भेटेल. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग आला होता. फेब्रुवारीच्या मध्यावर व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९ मार्चला तिचा करार झाला. मुंबईच्या मालाला युरोपची बंदरे बंद होतील या धास्तीने कलकत्त्याच्या सरकारने त्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा घाईघाईने करून घेतला. सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, आपल्या जिल्हाधिकाऱ्यांनी ज्याचा आधार घेतला तो हाच कायदा. व्हेनिसची परिषद चालू असतानाच १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे पुण्याच्या प्लेग-छावणीत स्त्रियांच्या सुरक्षिततेची हेळसांड होते म्हणून पंडिता रमाबाईंनी जाहीर तक्रार केली, तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. रोग, राज्यसत्ता आणि बाईचा देह हे तीन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे त्या एका वर्षात पुरेसे दिसते. जागतिक आरोग्याच्या इतिहासात व्हेनिस सापडते, स्त्रीमुक्तीच्या इतिहासात सावित्रीबाई. दोन्ही घटना एकाच महिन्यातल्या आहेत, याची मात्र दोन्हीकडे दखल नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट आणखी बोलकी आहे. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मेल्या आणि हे इतर देशांपेक्षा वेगळे होते. कारणांवर अभ्यासकांचा वाद चालू आहे: उपासमार, आजाऱ्याची सेवा कोणी करायची याचा रिवाज, बंद घरे. आपल्या वह्यांत मात्र त्यांतल्या बऱ्याच जणी ‘ताप’ या एका शब्दाखाली पडल्या आहेत. साथीला स्वतंत्र रकाना नव्हता. ज्या विद्यार्थ्याला मोडी येते आणि पाठ दुखेपर्यंत बसायची तयारी आहे, त्याच्यासाठी १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने मोकळी पडून आहेत.

देवीच्या निर्मूलनाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो विजय सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे चित्रकार्ड हातात घेऊन आरोग्यसेवक घरोघर फिरले, रोगी कळवणाऱ्याला बक्षीस लागले आणि ते वाढत १९७५ मध्ये हजार रुपयांवर गेले. आपल्या आज्यांच्या दंडावरचे देवी काढल्याचे गोल व्रण हा त्या मोहिमेचा सर्वांत टिकाऊ दस्तऐवज. यश आले ते लसीमुळे, तसेच शोधामुळे. प्रत्येक रोगी नावानिशी सापडला पाहिजे, ही जिद्द होती. ही जिद्द कुठे कमी पडते, हेही जळगावने पाहिले आहे. २०२० च्या जूनमध्ये शासकीय रुग्णालयातून एक वृद्ध कोरोनाबाधित स्त्री बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. बाधितांच्या यादीत तिचे नाव होते. यादी रोज वर पाठवली जात होती.

निर्वासितांकडे वळतो. इथे वाचक म्हणेल, खान्देशात कुठले निर्वासित? जळगावची सिंधी कॉलनी, धुळ्याचे कुमारनगर, भुसावळ-अमळनेरच्या वसाहती आपण रोज पाहतो. पण फाळणीत सर्वस्व सोडून आलेल्या माणसांनी त्या वसवल्या, हे आपल्या लक्षात राहिलेले नाही, इतकी ती मंडळी इथल्या बाजारपेठेत मुरली. आंतरराष्ट्रीय कायद्यानेही त्यांना ओळखले नाही. १९५१ च्या निर्वासित-करारात व्याख्या होती ती १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे परागंदा झालेल्यांची, आणि त्या घटना युरोपातल्याच धरायच्या अशी मुभा देशांना होती. दीड कोटीच्या आसपास माणसे ज्या उलथापालथीत हलली, ती फाळणी त्या कराराच्या विचारात नव्हती. १९६७ च्या पुरवणीने काळाची आणि स्थळाची अट काढली. भारताने मात्र मूळ करारावरही सही केलेली नाही आणि पुरवणीवरही नाही. भारताच्या या भूमिकेला निव्वळ हटवाद म्हणणारे लेखक पुष्कळ आहेत. मला ते एकांगी वाटते. ज्यांच्या दारात लाखो निर्वासित उभे असताना जगाने व्याख्येचे दार लावून घेतले, त्यांना त्या व्याख्येचे प्रेम का वाटावे?

याच महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. युद्धानंतर त्यांची जबाबदारी आंतरराष्ट्रीय संघटनांनी उचलली, त्यांना कुठे पाठवायचे यावर जगाच्या राजधान्यांत खल झाला. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. त्याच बराकी. पहिल्या रहिवाशांच्या मागे आंतरराष्ट्रीय यंत्रणा होती, दुसऱ्यांच्या मागे फक्त आपले सरकार आणि त्यांचे स्वतःचे हातपाय. खान्देशातल्या सिंधी वसाहतींचा असा तपशीलवार इतिहास मराठीत लिहायला हवा. पहिल्या पिढीचे लोक आता फार उरलेले नाहीत.

सरहद्द न ओलांडता उखडलेल्या माणसांचे काय? त्यांना कायद्याच्या भाषेत निर्वासित म्हणता येत नाही, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवला आहे. कारण इथे खान्देशाने जगाकडून घेतले तसे जगाला दिलेही.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव, महाराष्ट्राच्या बाजूचे बुडिताच्या तोंडावरचे पहिले. १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. कर्जाच्या कागदांत विस्थापितांचे पुनर्वसन होते. प्रत्यक्षात डोंगरातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांपैकी कित्येकांची कसलेली जमीन वनखात्याच्या नावावर होती आणि ते स्वतः दप्तरात ‘अतिक्रमणदार’ होते. लवादाने जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देऊ केली होती. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याने काय दाखवायचे? पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-मका पिकवणारा माणूस स्वतःच्या शेतात परका ठरला, आणि तोही एका रकान्यापायी. नर्मदा बचाव आंदोलनाने हे सगळे वॉशिंग्टनपर्यंत नेले. १९९१ मध्ये बँकेने स्वतःच्या प्रकल्पाची तपासणी बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायचे ठरवले. ब्रॅडफर्ड मोर्स, जे आधी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख होते, आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्गर यांनी गावे पाहिली, माणसांशी बोलले आणि जून १९९२ मध्ये अहवाल दिला: आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही, बँकेने एक पाऊल मागे घ्यावे. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच सप्टेंबरात बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या पैशाने चाललेल्या प्रकल्पामुळे ज्यांचे नुकसान होईल, अशा जगातल्या कोणत्याही गावकऱ्यांना मिळून तिथे तक्रार करता येते. १९९४ मध्ये बँकेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवा अशी मागणी करणारे निवेदन काढले. त्याचे नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. पुढे जागतिक धरण आयोग नेमला गेला, २००० साली त्याचा अहवाल आला. नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधा पाटकर त्याच्या सदस्य होत्या.

धरण थांबले नाही. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीवर त्याचे लोकार्पण झाले. यावरून दोन प्रकारचे वाचक दोन निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, बघा, आंतरराष्ट्रीय दबावाचा काही उपयोग नसतो. दुसरा मणिबेलीचे नाव जगभर गेले यातच सुखावतो. मला दोन्ही पटत नाहीत. मणिबेलीच्या माणसांमुळे जो तक्रारीचा मार्ग खुला झाला, तो नंतर दुसऱ्या देशांतल्या माणसांच्या कामी आला. आणि तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतींत जमिनीचा तुकडा, पाणी, वीज यांसाठी ज्यांना खेटे घालावे लागले, त्यांना त्या मार्गाने काही मिळाले नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशांतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, त्यांत मोठ्या विकास प्रकल्पांमुळे होणारे विस्थापनही आले. तत्त्वे बंधनकारक नाहीत. तरी वाचावीत. मणिबेलीनंतर वाचली की त्यांतले एकेक वाक्य कोणाच्या अनुभवातून आले असेल, याचा अंदाज येतो.

स्त्रियांच्या हक्कांबाबत एक गैरसमज आधी दूर करायला हवा. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आले आणि मग आपल्याकडे जाग आली, असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. शहाद्यात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांनी आधीच भिल्लांची एकजूट बांधायला घेतली होती. त्या चळवळीतल्या आदिवासी बायांनी गावोगाव दारूचे गुत्ते फोडले, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना सभेपुढे उभे केले, शिबिरे घेतली. हे सगळे महिला वर्षाच्या आधीचे. उलट जगच शहाद्याकडे पाहायला आले: जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिले, गेल ऑम्व्हेट यांचे भारतीय स्त्रियांच्या लढ्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९८० मध्ये निघाले. तोरणमाळच्या पायथ्याच्या बायकांनी केलेले काम परदेशी विद्यापीठांत आधी पोचले आणि आपल्या अभ्यासक्रमात अजून पुरते आलेले नाही.

खान्देशाला या विषयाचा वैचारिक वारसाही आहे. विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणाऱ्या वि. का. राजवाडे यांची अखेर धुळ्यात झाली, त्यांचे दप्तर राजवाडे संशोधन मंडळात आहे. जात आणि स्त्रीदास्य यांची मुळे एकत्र शोधणारे शरद पाटील धुळ्याचेच. त्यांच्याशी वाद घालावा, पण त्यांना वगळून स्त्रीप्रश्नाचा खान्देशी अभ्यास होत नाही.

लवादाच्या आदेशातल्या सज्ञान मुलाच्या त्या कलमाला जळगाव जिल्ह्यात एक उत्तर मिळाले, आणि तेही एका अनपेक्षित माणसाच्या हाकेतून. शरद जोशी हे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातल्या जागतिक टपाल संघात अधिकारी होते. नोकरी सोडून आले आणि शेतकरी संघटना बांधली. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभराहून अधिक घरांनी तसे केले. तलाठ्याच्या कचेरीत अर्ज, फेरफार, मग सातबाऱ्यावर तिचे नाव. भारताने स्त्रियांविषयीच्या कराराला मान्यता दिली ९ जुलै १९९३ रोजी. विटनेर त्याच्या आधीचे. शेतकरी संघटनेच्या अर्थकारणाशी माझे जमत नाही, पण या एका कामाची बरोबरी करणारे सरकारी परिपत्रक मला सापडलेले नाही.

दुसरी बाजूही याच जिल्ह्याची. १९९४ मध्ये जळगावातले लैंगिक शोषण आणि ब्लॅकमेलचे प्रकरण उघडकीला आले, पोलीस अधिकारी मीरां बोरवणकर यांच्याकडे तपास गेला आणि फिर्याद द्यायला पुढे येणे मुलींना किती अवघड आहे, हे साऱ्या राज्याला कळले. तीनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध नियम घालून दिले, तेव्हा देशात त्यासाठी कायदा नव्हता. न्यायालयाने आधार घेतला तो १९७९ च्या त्याच कराराचा. आणि गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केलेला असूनही २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८५० च्या खाली निघाली. केळी आणि कापसाने सधन झालेल्या तालुक्यांत हे घडले. गरिबी हे त्याचे कारण सांगता येत नाही.

या पुस्तकातले लेख एकसारखे नाहीत. काहींना कायद्याची गोडी आहे, काही आकडेवारीत रमतात, एक-दोन रागाने लिहिलेले आहेत आणि मी तो राग संपादनात कमी केलेला नाही. नवख्या वाचकाने करारांच्या मजकुरांनी सुरुवात करू नये. आधी माणसांचे लेख वाचावेत, मग कराराची कलमे शोधावीत. पावरी, भिलोरी, अहिराणी यांपैकी एक भाषा समजत असेल तर मुलाखतींचे काम तुमचे आहे. प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला डोंगरात ‘हो साहेब’ याच्या पलीकडे उत्तर मिळत नाही. मोडी येत नसेल तर शिकून घ्यावी, दोन-तीन महिन्यांत वाचता येते. आणि २०२० मध्ये ग्रामपंचायतींनी ठेवलेल्या वह्या, बाहेरून आलेल्यांच्या याद्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरणात ठेवलेल्यांची नावे, मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरवरून सेंधव्याकडे चालत गेलेल्यांना जेवण दिल्याच्या नोंदी, हे सगळे रद्दीत जाण्याआधी कोणीतरी त्यांची छायाचित्रे काढून ठेवायला हवीत. ग्रामसेवकाला पत्र द्यावे लागेल, एका फेरीत काम होणार नाही.

मणिबेलीवरचा लेख आधी वाचा. जोडीला नकाशा ठेवा आणि तो १९९८ च्या आधीचा असल्याची खात्री करून घ्या. त्या काळच्या अहवालांत आणि पत्रव्यवहारात हे गाव धुळे जिल्ह्यातच सापडेल.